साथीच्या काळातील रस्ते आणि मालाची वाट

फेब्रुवारी २०२० या महिन्यात संपूर्ण देशात सुमारे ५ कोटी ७२ लाख ई-वे बिले निघाली. मार्चमध्ये ही संख्या ४ कोटी ६ लाखांच्या आसपास आली आणि एप्रिलमध्ये ती अवघ्या ८६ लाखांवर येऊन ठेपली. पेढीवर बसणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल वाहनावर चढला की हे बिल काढावे लागते. म्हणजे देशातील मोठ्या मालाच्या हालचालीची ही जणू रोजकीर्दच आहे. त्या रोजकीर्दीतील दर सात नोंदींपैकी सहा नोंदी दोन महिन्यांत नाहीशा झाल्या.

कोविडच्या साथीने आपल्या घरांचे, आरोग्याचे आणि व्यवसायाचे काय केले याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रस्त्यांचे काय झाले, याकडे मात्र आपण 'रस्ते ओस पडले' या तीन शब्दांत पाहून पुढे जातो. वस्तुतः साथीच्या काळात रस्त्यावरील वाहतूक केवळ कमी होत नाही. तिचे स्वरूप बदलते, तिची दिशा बदलते, तिच्यातील धोका बदलतो, आणि ती परत येते तेव्हा पूर्वीसारखी परत येत नाही. मालाची ने-आण हाच ज्यांच्या उपजीविकेचा आधार आहे, त्यांनी हा बदल जरा बारकाईने पाहावा असे वाटते.

प्रथम मोजणीविषयी. सामान्य दिवसांत महामार्गावरील वाहनांचा हिशेब टोलनाक्यावर मिळतो. परंतु २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा अत्यावश्यक वाहनांचा खोळंबा होऊ नये म्हणून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलवसुलीच थांबविण्यात आली, आणि ती २० एप्रिलपासून पुन्हा सुरू झाली. अर्थात रस्ते सर्वाधिक रिकामे होते नेमक्या त्याच दिवसांत नाक्यावरची वही कोरी राहिली. फास्टॅगच्या व्यवहारांची संख्या त्या एप्रिलमध्ये सुमारे १ कोटी होती. मे महिन्यात ती साडेपाच कोटींवर आणि जूनमध्ये ८ कोटींच्या वर गेली. वरवर पाहता ही वाढ डोळे दिपविणारी आहे. पण एप्रिलचे जवळजवळ तीन आठवडे वसुली बंद होती, आणि त्याच वर्षी फास्टॅग लावणाऱ्या वाहनांची संख्याही सतत वाढत होती. तेव्हा यातील किती वाढ गाड्यांची आणि किती वाढ चिकटविलेल्या पट्ट्यांची, हे वेगळे काढल्याशिवाय या आकड्यावर विसंबणे म्हणजे उधारीलाच वसुली समजण्यासारखे आहे.

ई-वे बिलाचीही मर्यादा आहे. एका मालमोटारीत दहा व्यापाऱ्यांचा माल असेल तर बिले दहा, गाडी एकच. उलट दूध, ताजा भाजीपाला, सुटे धान्य यांना हे बिल लागत नाही, आणि टाळेबंदीत प्रामुख्याने धावत होत्या त्या नेमक्या याच गाड्या. म्हणून इंधनाच्या खपाचा आकडा शेजारी मांडून पाहावा लागतो. एप्रिल २०२० मध्ये पेट्रोलचा खप आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या तुलनेत सुमारे साठ टक्क्यांनी घटला, डिझेलचा सुमारे पंचावन्न टक्क्यांनी. बिले पंच्याऐंशी टक्क्यांनी घटली असता डिझेल पंचावन्न टक्क्यांनीच का घटले, या फरकातच त्या महिन्याची कथा आहे. रब्बीची कापणी चालू होती, ट्रॅक्टर व मळणीयंत्रे चालत होती, भाजी-दुधाच्या गाड्या चालत होत्या. थांबले होते ते कापड, यंत्रसामग्री, रसायने, भांडी, फरशी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीवरचा माल.

रस्ते ओस पडण्यापूर्वी ते भरून वाहतात, हा साथींचा जुना नियम आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या त्या गजबजलेल्या वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगास यांना प्लेगचे रुग्ण आढळले, आणि १८९७ च्या आरंभापर्यंत सव्वाआठ लाख वस्तीच्या त्या शहरातील सुमारे निम्मे लोक मिळेल त्या वाटेने शहराबाहेर पडले. (आज ज्या महंमद अली रोडवरून आपल्या हातगाड्या ओढल्या जातात तो रस्ता आणि प्रिन्सेस स्ट्रीट ही त्याच प्लेगची अपत्ये आहेत. दाट वस्तीतून हवा खेळावी म्हणून १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने ते काढले. साथ ओसरली, रस्ते राहिले, आणि त्यांवर आज हवा सोडून बाकी सर्व काही खेळते.) सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली तेव्हाही हेच घडले. मृत्यू पन्नासच्या आगेमागे झाले. पण काही दिवसांत काही लाख लोक रेल्वे, बस, टेम्पो, मालमोटारी यांतून शहर सोडून गेले. हिऱ्यांच्या घंटी आणि कापडाचे माग थांबले. सुरतेशी व्यवहार असलेल्या आपल्या समाजातील अनेक घरांत वडीलधाऱ्यांना ते दिवस आजही आठवत असतील. वुहान शहर २३ जानेवारी २०२० रोजी बंद करण्यात आले, त्यापूर्वी चिनी नववर्षाच्या सुट्टीमुळे आणि भीतीमुळे सुमारे पन्नास लाख लोक शहराबाहेर गेले होते, असे तेथील महापौरांनीच सांगितले.

आपल्याकडे हा लोंढा टाळेबंदीनंतर निघाला, हा फरक महत्त्वाचा आहे. गाड्या बंद झाल्यावर माणसे चालू लागली. मुंबई-आग्रा महामार्गावर कसारा घाटातून नाशिककडे, धुळ्याकडे आणि पुढे मध्य प्रदेशाच्या सीमेकडे जाणाऱ्या माणसांच्या रांगा आपण पाहिल्या. मे महिन्यात तर मुंबईच्या रिक्षा त्याच रस्त्याने उत्तर प्रदेशापर्यंत गेल्या. वाहतूक मोजणाऱ्या कोणत्याही यंत्रात ही पायी वाहतूक नोंदली जात नाही. गुगलने भ्रमणध्वनींच्या आधारे मार्च २०२० अखेरीस जो अहवाल दिला, त्यात भारतातील दुकाने व करमणुकीच्या ठिकाणची वर्दळ ७७ टक्क्यांनी आणि स्थानके-थांब्यांवरची ७१ टक्क्यांनी घटल्याचे दिसते. हा अहवाल खोटा नाही. पण महामार्गावर गाठोडे घेऊन चालणाऱ्या कुटुंबासाठी त्यात रकाना नव्हता. ज्यांच्या गोदामांत ही माणसे हमाली करीत होती, त्या आपल्यासारख्यांना हा अभाव नंतर जाणवला. माल घेऊन गाडी दारात आली, पण ती उतरवून घ्यायला कोणी नव्हते.

मालवाहतूक का थांबली याचे उत्तर 'सरकारने बंद केली म्हणून' एवढे सोपे नाही. पहिल्या आदेशात अत्यावश्यक मालास मुभा होती, इतर मालास नव्हती. नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाने साबणाला अत्यावश्यक म्हणावे की नाही, आणि साबण भरावयाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला काय म्हणावे? खोके नसेल तर साबण निघत नाही. शाई नसेल तर खोके छापले जात नाही. अत्यावश्यक व अनावश्यक अशी रेघ कागदावर ओढता येते, बाजारात ती सापडत नाही. २९ मार्च रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने हा भेद काढून सर्व मालाच्या वाहतुकीस परवानगी दिली. तरीही गाड्या अडविल्या जातच राहिल्या, म्हणून १२ एप्रिल रोजी गृहसचिवांनी राज्यांना पुन्हा पत्र लिहून रिकाम्या मालमोटारींनाही जाऊ द्यावे असे स्पष्ट केले.

रिकाम्या गाडीसाठी देशाच्या गृहसचिवांना लेखणी उचलावी लागली, यातच मालवाहतुकीचे मर्म आहे. गाडी जाते तेव्हाच तिच्या परतीचा हिशेब मांडलेला असतो. नाशिकहून मुंबईला भाजी घेऊन आलेली गाडी जाताना रंगाचे डबे, औषधे, सुटे भाग असे काहीतरी घेऊन परतते, आणि त्या दोन भाड्यांच्या बेरजेवर चालक, मालक व वित्तसंस्थेचा हप्ता हे तिघे जगतात. कारखाने बंद झाले आणि परतीचा माल संपला. मग भाजीची गाडी एकाच भाड्यावर दोन फेऱ्यांचे डिझेल जाळू लागली. काहींनी भाडे वाढविले, काहींनी गाडी उभी केली. रस्त्यावरची संख्या घटली ती जितकी बंदीमुळे, तितकीच या तुटलेल्या जोडीमुळे. म्हणूनच बंदी उठल्यावरही गाड्या दुसऱ्या दिवशी धावू लागल्या नाहीत. दोन्ही टोकांची दुकाने उघडेपर्यंत त्यांना थांबावे लागले.

चालकांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. महामार्गावरचा ढाबा हे त्याचे स्वयंपाकघर, स्नानगृह आणि शयनगृह असते. पंक्चर काढणारा, टायर बदलणारा, मेकॅनिक हे त्याच्या प्रवासाचेच भाग असतात. पहिले चार आठवडे हे सर्व बंद होते. १५ एप्रिलच्या आदेशाने ढाबे आणि दुरुस्तीची दुकाने २० एप्रिलपासून उघडण्याची मुभा मिळाली. तोवर कित्येकांनी पेट्रोलपंपाच्या आवारात, बंद गोदामांच्या फाटकाबाहेर दिवस काढले. आत माल, बाहेर मुदत संपत आलेले ई-वे बिल. त्या वेळच्या नियमाने शंभर किलोमीटरला एक दिवस एवढीच बिलाची मुदत असे. २० मार्च ते १५ एप्रिल या काळात संपणाऱ्या बिलांची मुदत सरकारने ३० एप्रिलपर्यंत वाढविली, पुढे आणखी वाढविली. ही सवलत योग्यच होती. पण तिने कागद जिवंत राहिला, माणसाच्या जेवणाची सोय झाली नाही. ती केली गावोगावच्या लोकांनी, सामाजिक मंडळांनी, काही ठिकाणी व्यापारी संघटनांनी. माल 'सुटला' एवढ्यावर आपण निर्धास्त होतो. सुटल्यापासून पोहोचेपर्यंत तो कोणाच्या हाती असतो, याची नोंद आपल्या कोणत्या खात्यात होते, हा प्रश्न त्या वर्षाने विचारला होता. त्याचे उत्तर भाडे ठरविताना दिले गेले असे मला तरी दिसलेले नाही.

रिकामा रस्ता सुरक्षित असतो, हा समज आकडे खोटा ठरवितात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०१९ मध्ये देशात ४,४९,००२ अपघात झाले आणि त्यांत १,५१,११३ माणसे दगावली. २०२० मध्ये अपघात ३,६६,१३८ झाले, मृत्यू १,३१,७१४. अपघात अठरा टक्क्यांहून अधिक घटले. मृत्यू मात्र तेराच टक्के घटले. आपल्या महाराष्ट्रात हे अंतर अधिक ठळक आहे. येथे अपघात ३२,९२५ वरून २४,९७१ वर आले, म्हणजे सुमारे चोवीस टक्क्यांनी कमी झाले, तर मृत्यू १२,७८८ वरून ११,५६९ वर, म्हणजे साडेनऊ टक्क्यांनीच. २०१९ मध्ये राज्यात दर शंभर अपघातांमागे एकोणचाळीस माणसे मरत होती, २०२० मध्ये सेहेचाळीस. अमेरिकेत तर वाहनांनी कापलेले एकूण अंतर सुमारे अकरा टक्क्यांनी घटूनही २०२० मधील रस्ते-मृत्यू वाढून ३८,८२४ झाले. २००७ नंतरचा तो सर्वांत मोठा आकडा होता.

असे का व्हावे? गर्दी ही आपल्याला त्रास वाटते, पण गर्दीच आपला वेग आवरून धरते. रस्ता मोकळा झाला की पाय आपोआप दाबला जातो. पोलीस नाकेबंदीत व रुग्णालयांभोवती गुंतलेले, वेग तपासणारा कोणी नाही. वेग वाढला की अपघातांची संख्या फारशी वाढो न वाढो, झालेला अपघात अधिक प्राणघातक होतो. त्यात किरकोळ अपघातांची तक्रार द्यायला टाळेबंदीत कोण जाणार, हाही भाग असू शकेल, आणि त्यामुळे प्रमाण थोडे फुगलेले असू शकेल. परंतु अमेरिकेतील मृत्यूंची संख्याच वाढली, तेथे हा खुलासा पुरत नाही. रात्री घाई करून माल पोहोचविण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, अशी विनंती आहे.

आता परतीकडे वळू. जून २०२० मध्ये ई-वे बिले ४ कोटी ३४ लाखांवर आली आणि सप्टेंबरमध्ये ती ५ कोटी ७४ लाख झाली, म्हणजे फेब्रुवारीची पातळी सात महिन्यांत परत मिळाली. महाराष्ट्रात जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी लागणारा ई-पास २ सप्टेंबरपासून रद्द झाला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. इंधनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. पेट्रोलचा खप सप्टेंबरमध्येच आदल्या वर्षीच्या पातळीला पोहोचला; डिझेलला दसरा-दिवाळीच्या मालाची वाट पाहत ऑक्टोबर उजाडावा लागला. पेट्रोल म्हणजे बहुतांशी दुचाकी आणि घरची मोटार. लोकांनी बसमधील आसन सोडले आणि स्वतःच्या वाहनावर मांड टाकली.

मुंबईत याला लोकलची जोड होती. २३ मार्च २०२० पासून थांबलेली लोकल १५ जूनला सुरू झाली ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्य प्रवाशाला ठरावीक वेळांत तिच्यात पाऊल ठेवायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडले. विरार, कल्याण, पनवेलहून मस्जिद बंदरला, झवेरी बाजारला, मंगलदास मार्केटला येणारा नोकरवर्ग मधल्या काळात कसा आला? बेस्टच्या रांगेत उभा राहून, तिघांत एक मोटार करून, किंवा दुचाकीवर रोज पन्नास-साठ किलोमीटर कापून. शहरांतील वाहनकोंडी मोजणाऱ्या टॉमटॉम या संस्थेच्या यादीत २०१९ मध्ये मुंबई जगात चौथी होती आणि तिची कोंडी ६५ टक्के होती. २०२० मध्ये कोंडी ५३ टक्क्यांवर उतरली, तरी मुंबई मॉस्कोच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर चढली. कित्येक महिने बंद असलेल्या शहराची ही गत! पुणे त्या यादीत पाचव्या स्थानावरून सोळाव्यावर उतरले. पुण्याला लोकलचा आधार मुंबईइतका कधीच नव्हता, म्हणून तो काढून घेतल्याचा भार तेथील रस्त्यांवर तितका पडला नाही, असे मला वाटते.

रस्त्यावर किती गाड्या याव्यात हे आदेशाने ठरविण्याचे प्रयत्नही झाले. जून २०२० च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरावे असे सांगितले आणि हजारो वाहने जप्त केली. दुकान तीन किलोमीटरवर असणाऱ्या व्यापाऱ्याने काय करावे, याचा उलगडा होण्यापूर्वीच तो नियम मागे घ्यावा लागला. एप्रिल २०२१ मध्ये वाहनांवर लाल, हिरवी, पिवळी चिकटपत्रे लावण्याची पद्धत निघाली. लाल वैद्यकीय सेवेला, हिरवी खाद्यपदार्थांना, पिवळी इतर अत्यावश्यक सेवांना. आठवडाभरातच ती बंद झाली. पुन्हा तोच साबणाचा आणि खोक्याचा प्रश्न.

दुसऱ्या लाटेत देशव्यापी टाळेबंदी नव्हती. राज्याराज्यांचे निर्बंध होते आणि त्यांहून मोठी भीती होती. मार्च २०२१ मध्ये ७ कोटी १२ लाख असलेली ई-वे बिले मे महिन्यात ३ कोटी ९९ लाखांवर आली. रस्त्यावरील सर्वांत मोलाचा माल त्या दिवसांत द्रवरूप प्राणवायू होता, आणि त्याला रस्ता अपुरा पडला. टँकर थोडे, अंतर लांब, भरलेला टँकर सावकाशच चालवावा लागतो. म्हणून १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून विशाखापट्टणमला धाडण्यात आले. घाटातील बोगद्यांतून एवढ्या उंचीचा भार जाऊ शकत नाही, म्हणून ती गाडी वसईवरून सुरतेच्या बाजूने वळसा घेऊन गेली. परतताना तीन टँकर नागपूरला उतरले, चार २४ एप्रिलला नाशिकला पोहोचले. जवळची वाट सोडून लांबची धरल्याने काम झाले.

तिसरी लाट आली डिसेंबर २०२१ च्या अखेरीस. जानेवारीत देशात रोज तीन लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळत होते, म्हणजे दुसऱ्या लाटेच्या शिखराच्या फार खाली ही संख्या नव्हती. पण लस घेतलेली होती, मृत्यू त्या मानाने कमी होते, लोकल चालू होती, ढाबे उघडे होते. डिसेंबरमधील ७ कोटी १६ लाख ई-वे बिले जानेवारी २०२२ मध्ये ६ कोटी ८८ लाख झाली. घट चार टक्के. पहिल्या लाटेत पंच्याऐंशी टक्के, दुसरीत चव्वेचाळीस टक्के आणि तिसरीत चार टक्के. रुग्णसंख्येच्या आलेखावरून हा क्रम कोणालाही वर्तविता आला नसता. रस्त्यावरची चाके रुग्ण मोजून थांबत नाहीत. ती थांबतात मृत्यूच्या भीतीने, नाक्यावरच्या संदिग्ध आदेशाने आणि परतीच्या मालाच्या अभावाने. मार्च २०२२ मध्ये बिलांची संख्या ७ कोटी ८२ लाखांवर गेली, आणि त्या महिन्याच्या अखेरीस, गुढीपाडव्याच्या तोंडावर, महाराष्ट्र शासनाने उरलेसुरले निर्बंध उठविले.